शेडमध्ये पहिला बदल कसा रुजवायचा: नव्या सुपरवायझरसाठी

सांगली जिल्ह्यात कुपवाड, मिरज, पलूस किंवा ईश्वरपूरच्या (आधीचं इस्लामपूर) एमआयडीसीत पन्नास-साठ माणसांच्या युनिटमध्ये सुपरवायझर, प्रॉडक्शन इंजिनिअर किंवा एचआर म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. मालकांनी पहिल्याच महिन्यात ‘जरा सिस्टीम लावा’ म्हणून सांगितलेलं असतं. शेडमधल्या माणसांनी ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून तुम्हाला मनातल्या मनात निकालात काढलेलं असतं.

पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. १४ सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन, ७ ते ३, ३ ते ११ आणि ११ ते ७ अशा तीन पाळ्या, फौंड्रीतून येणारं कास्टिंग (ओतीव भाग), त्यावर बोअर (भोक मापात कोरणं) आणि फेसिंग (तोंड सपाट करणं), मग डिस्पॅच. रिजेक्शनची, म्हणजे बिघडलेल्या नगांची, नोंद सध्या पाळी संपताना सुपरवायझर डायरीत करतो. गिऱ्हाईक कंपनीच्या ऑडिटरने दर तासाची नोंद मागितली आहे. म्हणजे प्रत्येक मशीनजवळ एक बोर्ड लावायचा आणि तो ऑपरेटरने भरायचा. खर्च किरकोळ: पांढरे बोर्ड, मार्कर, फडकी. तरीही बऱ्याच शेडमध्ये अशा बोर्डाच्या खिळ्याला चार महिन्यांनी जेवणाचा डबा लटकलेला दिसतो. दोष बोर्डाचा नसतो. पहिला खरा आकडा लिहिणाऱ्या माणसाचं पुढं काय झालं, हे सगळी शेड बघत असते, आणि बोर्ड चालणार की नाही ते तिथंच ठरतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रसंगाची तयारी आहेत.

पायरी १: दोन आठवडे नुसतं बघा

किर्लोस्करवाडीत कारखाना उभा राहिला १९१० साली. पुढं साखर कारखाने आले, मग एमआयडीसी आल्या. या पट्ट्यातल्या कित्येक घरांत तिसरी पिढी कारखान्यात आहे. आयटीआय करून वीस वर्षं एकाच मशीनवर उभ्या असलेल्या माणसाने तुमच्यासारखे बरेच साहेब पाहिलेत. त्यामुळे पहिले दोन आठवडे कोणतीही सूचना देऊ नका. तिन्ही पाळ्यांना बसा, रात्रपाळीला किमान तीनदा. दिवसाची शेड आणि रात्रीची शेड या दोन वेगळ्या कंपन्या असतात.

भिंतीवर फ्रेम केलेलं क्वालिटी धोरण वाचून कंपनीची संस्कृती कळत नाही. या गोष्टी टिपा:

- नग बिघडला की माणूस आधी कुणाकडं बघतो? सेटरकडं (मशीनची जुळणी करणाऱ्याकडं), सुपरवायझरकडं, की इकडंतिकडं बघून बिघडलेल्या नगांच्या लाल बिनमध्ये टाकतो?
- मालक शेडमध्ये आले की काय बदलतं, आणि गेल्यावर किती वेळात पूर्ववत होतं?
- ओव्हरटाईम कुणाला मिळतो आणि ते कोण ठरवतं?
- रजेचा निरोप कुणाकडं जातो? कागदावर एचआरकडं जातो. प्रत्यक्षात तो एखाद्या तात्या किंवा अण्णा म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या सेटरकडं जातो. शब्द त्याचाच चालतो. असे तीन-चार जण प्रत्येक युनिटमध्ये असतात. पदनाम विसरून त्यांची यादी करा.

वयाने मोठ्या ऑपरेटरला एकेरी हाक मारू नका, आधीचे सुपरवायझर मारत असले तरी. लोक ज्याला मामा किंवा आबा म्हणतात त्याला तुम्हीही तसंच म्हणा, मात्र ओळख झाल्यावर. पहिल्याच दिवशी ‘काय मामा’ म्हटलेलं सलगी वाटते.

एक मोजमाप मात्र याच काळात करून ठेवा. सलग १२ पाळ्या, पाळी संपल्यावर लाल बिनमधले नग स्वतः मोजा आणि डायरीतल्या आकड्याशी ताडून बघा. डायरीत ४ आणि बिनमध्ये ११ असतील, तर ७ नगांची ही तफावत तुमच्या कंपनीतल्या भीतीचा आकडा आहे. तो कुणालाही दाखवू नका, मालकांनाही नाही. पुढं तुलनेला लागेल.

पायरी २: काय बदलणार, काय नाही, आणि कायदा काय म्हणतो

बदल एका वाक्यात मावला पाहिजे: ‘दर तासाला किती नग झाले, किती बिघडले आणि मशीन का थांबलं, हे ऑपरेटर मशीनवरच लिहील.’ त्याखाली लगेच दुसरी यादी: पाळीची वेळ तीच, चहाची सुट्टी तीच, इन्सेंटिव्हचा हिशोब तोच. लोकांना बदलापेक्षा त्याच्या आडून आणखी काय येतंय याची धास्ती असते.

ही दुसरी यादी कायद्याच्या दृष्टीनेही लागते. आधी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ खाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ४० खाली, सेवाशर्तींतले ठरावीक बदल करण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. वेतन, कामाचे तास आणि मधल्या सुट्ट्या, पाळ्या, रजा, शिस्तीचे नवे नियम आणि रूढ सवलत काढून घेणं हे सगळं संहितेच्या परिशिष्टातल्या यादीत येतं. फसगत रूढ सवलतीत होते. पंधरा वर्षं ४ वाजता मिळणारा १० मिनिटांचा चहा ‘कुठं लिहिलाय?’ म्हणून बंद केला, तर तो लिहिलेला नसला तरी प्रकरण उभं राहू शकतं. नुसता बोर्ड लावणं ही साधी गोष्ट आहे. तो इन्सेंटिव्हला किंवा शिस्तीच्या कारवाईला जोडला की साधी राहत नाही. जोडण्याचा विचार असेल तर आधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला कागद दाखवा.

२० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान असतात. तुमच्याकडं ती फक्त फाईलमध्ये असेल तर आधी ती जागी करा.

पायरी ३: कुणाचं काय जातंय ते लिहून काढा

‘लोकांना बदल नको असतो’ हे वाक्य आळशी आहे. पगारवाढ हाही बदलच, त्याला कुणी विरोध केलेला ऐकिवात नाही. माणूस विरोध करतो तो पदरचं काहीतरी जातंय म्हणून. नावानिशी यादी करा.

जुन्या सुपरवायझरची डायरी जाते, आणि डायरी म्हणजे त्याची सत्ता. कुणाचं रिजेक्शन लिहायचं आणि कुणाचं पोटात घालायचं हे तो ठरवत होता. सेटरचं अज्ञातपण जातं. सेटिंगला लागलेली ४० मिनिटं आजवर ‘मशीन बंद’ या नावाखाली खपत होती, आता कारणासकट दिसणार. ऑपरेटरला थेट पगाराची भीती. क्वालिटी इन्स्पेक्टरला वाटतं आपलं काम दुसऱ्याने केलं तर आपण कशाला. कंत्राटदाराच्या माणसाचं पोट कंत्राटदाराच्या मर्जीवर, त्यामुळे तो खरा आकडा सर्वांत शेवटी लिहील.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक गोष्ट इथं उपयोगी पडते: ढकलणारा जोर वाढवला की अडवणारा जोरही वाढतो, म्हणून आधी अडवणारी कारणं कमी करा. उसाची ट्रॉली चढणीला अडली तर रेस वाढवण्याआधी चाकाखालचा दगड काढतात, तसंच. यादीतल्या प्रत्येकासाठी एक दगड शोधा. जुन्या सुपरवायझरला बोर्डांचा रोजचा आढावा घेण्याचं काम द्या, म्हणजे डायरी गेली तरी मान राहतो. सेटिंगच्या वेळेला बोर्डावर वेगळा कोड द्या आणि ती वेळ ऑपरेटरच्या टार्गेटमधून वजा करा.

पायरी ४: मालकांकडून तीन गोष्टी कागदावर घ्या

एक, पहिले ९० दिवस बोर्डावरच्या आकड्यावरून कुणाचा पगार, इन्सेंटिव्ह किंवा ओव्हरटाईम कापला जाणार नाही, मेमो निघणार नाही. दोन, बोर्डावर दिसलेली दुरुस्ती (माप तपासायचं गेज, नग धरणारं फिक्श्चर, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पंप) ठरावीक रकमेपर्यंत तुम्ही विचारल्याविना करून घेऊ शकाल. तीन, मालक बोर्डासमोर उभे राहून कुणाला बोलणार नाहीत. तिसरी सर्वांत अवघड, आणि तीच सर्वांत महत्त्वाची.

याच बैठकीत एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: पहिल्या महिन्यात कागदावरचं रिजेक्शन वाढेल. नग जास्त बिघडत नसतात, लपलेले वर येत असतात. हे आधी सांगितलं तर अंदाज ठरतो, नंतर सांगितलं तर सबब.

पायरी ५: मुहूर्त

इथला कामगार अर्धा शेतकरी आहे. तासगाव, कवठेमहांकाळकडून येणाऱ्याची ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षाची फळछाटणी असते, जानेवारीपासून काढणी, एप्रिलात खरड छाटणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. मार्चला तुमच्याकडंही डिस्पॅचची घाई. जुलैअखेर ते ऑगस्ट कृष्णेच्या पाण्यावर डोळा ठेवण्यात जातो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या माणसाला सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी वाढत असताना बोर्डाचे कॉलम समजावू नयेत. दसरा-दिवाळीच्या आधी सगळं बोलणं बोनसभोवती फिरतं. तेव्हा काहीही नवीन आणलंत की ते बोनस कमी करण्याची तयारी म्हणूनच वाचलं जातं.

राहतो नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. बोनस खात्यावर, छाटणी उरकलेली, काढणी लांब. मोठ्या जत्रेचे दोन-तीन दिवस सोडून तारीख धरा.

पायरी ६: सांगण्याचा क्रम

बातमी कुणाला आधी कळली यावरून मान-अपमान ठरतो. आधी त्या तीन-चार जुन्या जाणत्यांशी एकेकट्याने बोला, केबिनमध्ये नको, मशीनजवळ. मग युनियन असेल तर तिचे पदाधिकारी आणि तक्रार निवारण समिती. मग पाळीवार १५ मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्वांत शेवटी, आणि तेही फक्त तारीख आणि वेळ. ग्रुपवर आधी टाकलंत तर अर्थ कॅन्टीनमध्ये लागतो.

बैठक पाळी सुरू होताना घ्या. संपताना घेतली तर निम्म्यांचं लक्ष एसटीकडं असतं. बिहार, ओडिशाकडची मुलं असतील तर हिंदीतून वेगळं सांगा. मराठीत सांगून ‘समझ गये ना?’ विचारल्यावर मान हलते, त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘साहेब, ह्यात लिवलं तर पगारातनं कापणार न्हाई न्हवं?’ उत्तर दोन वाक्यांचं ठेवा. ‘९० दिवस नाही कापणार, मालकांनी सही करून दिलंय, हा कागद. त्यानंतर काही बदलायचं झालं तर आधी समितीशी बोलू.’ कायमचं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. उत्तर माहीत नसेल तर ‘बघू’ म्हणू नका. ‘शुक्रवारी सांगतो’ म्हणा, आणि उत्तर मिळालं नसलं तरी शुक्रवारी जाऊन तेवढं सांगा.

पायरी ७: दोन मशीन, तीन आठवडे

चौदाही मशीनवर एकदम बोर्ड लावण्याचा मोह टाळा. दोन मशीन निवडा. सर्वांत हुशार ऑपरेटर घेऊ नका, लोक म्हणतील त्याला जमणारच. सर्वांत चिडका घेऊन त्याला वठणीवर आणण्याचा खेळही नको. मधला, ज्याचं बाकीचे ऐकतात असा घ्या.

बोर्ड २ फूट बाय ३ फूट पुरे, डोळ्यांच्या उंचीला, कूलंट उडणार नाही अशा बाजूला. मार्कर दोरीने बांधा. हास्यास्पद वाटेल, पण निम्मे बोर्ड मार्कर नाही म्हणून बंद पडतात. कॉलम: तास, टार्गेट, झालेले नग, रिवर्क (दुरुस्त होण्यासारखे नग), मशिनिंगचं रिजेक्शन, कास्टिंगचं रिजेक्शन, थांबण्याचा कोड आणि मिनिटं. रिजेक्शनचे हे दोन कॉलम वेगळे ठेवणं फार मोलाचं आहे. बोअर केल्यावर आत ब्लो-होल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) निघाला तर त्यात ऑपरेटरचा काय दोष? एकाच कॉलममध्ये लिहायला लावलं तर तो ते नग लपवेल, आणि फौंड्रीला परत लावायचे नगही तुमच्या हिशोबातून गायब होतील.

टार्गेट घड्याळ लावून काढा. सायकल ३ मिनिटं २० सेकंद आणि जॉब काढ-घाल ४० सेकंद, म्हणजे नगाला ४ मिनिटं, तासाला १५. पण गेजने तपासणं, चिप्स काढणं, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलणं यात वेळ जातो, म्हणून १३ धरा. जेवणाचा अर्धा तास ज्यात येतो त्या तासाला ६. पंधरा लिहिलंत तर बोर्ड रोज माणसाला नापास करेल, आणि रोज नापास होणारा माणूस आठवड्याभरात आकडे जुळवायला शिकतो.

कॉलम आणि कोड त्या दोन मशीनवरच्या सहा ऑपरेटरना ठरवू द्या. यात नुसता सौजन्याचा भाग नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवूड कंपनीच्या पायजम्यांच्या कारखान्यात झालेला एक प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाच्या पद्धतीत किरकोळ बदल करायचा होता. एका गटाला तो फक्त सांगितला: पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के माणसं सोडून गेली आणि उत्पादन सावरलं नाही. ज्या गटांत सगळ्यांना बदल आखायला बसवलं, ते लवकर पूर्वपदावर आले, पुढं आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले आणि त्यातून कुणी गेलं नाही. गट लहान होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्या शेडला लावू नयेत. दिशा मात्र कुठल्याही शेडमध्ये ओळखीची वाटेल.

पायरी ८: पहिला वाईट आकडा

रात्री १ वाजता सहा नंबरच्या बोर्डावर दिसतं: झालेले १३, मशिनिंगचं रिजेक्शन ५. बोअर ओव्हरसाईज. यापुढची दहा मिनिटं सगळ्या बदलाचं भवितव्य ठरवतात.

जागेवर जा. ‘कुणी केलं?’ विचारू नका, ते बोर्डावरच दिसतंय. ‘कुठल्या नगापासून सुरू झालं?’ असं विचारा. बहुधा असं निघतं: इन्सर्ट झिजल्याने बोअर लहान यायला लागला, गो गेज (बरोबर मापाच्या भोकात जाणारा मापक) जाईना, ऑपरेटरने ऑफसेट दिला (मशीनमध्ये आकडा बदलून पातं सरकवलं), तो जास्त गेला. लहान बोअर परत कापता येतो, मोठा झाला की नग स्क्रॅप. पुढचा प्रश्न विचारा: ऑफसेट किती द्यायचा हे त्याला कुणी कधी लिहून दिलं होतं का? बहुतेक वेळा नाही. मग तिथंच दोन गोष्टी ठरतात: इतक्या नगांनंतर इन्सर्ट बदलायचा, आणि एका वेळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ऑफसेट द्यायचा झाला तर सेटरला बोलवायचं. या दोन्ही गोष्टी लिहून मशीनवर चिकटवा. पाच नग बाजूला टॅग लावून ठेवा. ‘लिहिलंत म्हणून पाचावर थांबलं’ एवढं एक वाक्य, आणि निघा.

सकाळी पहिल्या पाळीत प्रत्येकाला हा किस्सा माहीत झालेला असतो. रात्री तुम्ही आवाज चढवला असेल तर तोही. फोटो काढून मालकांना पाठवला असेल तर तेही कळतं. कसं कळतं ते विचारू नका, शेडमध्ये कळतं.

आकडे खोटे व्हायला लागल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. आठही तासांचं अक्षर आणि शाईचा गडदपणा एकसारखा, म्हणजे बोर्ड पाळीच्या शेवटी भरलाय. रिजेक्शन सतत शून्य किंवा एक. थांबण्याचं कारण रोज ‘इतर’. आणि पक्की खूण म्हणजे लाल बिन आणि बोर्ड यांचा मेळ न बसणं. म्हणून पायरी १ मधली मोजणी आता उघडपणे करा: रोज सकाळी ९ वाजता, ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर दोघांच्या समोर. तफावत दिसली तर माणूस पकडण्याआधी मागच्या आठवड्यात कुणी कुणाला काय बोललं ते शोधा.

पायरी ९: पसरवणं

दर पंधरवड्याला चार मशीन. बारा मशीन म्हणजे दीड महिना. शिकवायला पहिल्या दोन मशीनवरचे ऑपरेटर पाठवा, तुम्ही मागं थांबा. जुनी डायरी बंद करायची तारीख आधीच जाहीर करा आणि एखाद्या मशीनवर दोन्ही नोंदी तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू देऊ नका. दुहेरी नोंद सुरू राहिली की लोक सोपी ठेवतात आणि नवी सोडतात.

रोज सकाळी बोर्डासमोर १० मिनिटांची उभ्याने बैठक: सेटर, मेंटेनन्स, क्वालिटी, तुम्ही. कालचे तीन मोठे थांबे, प्रत्येकापुढं एक नाव आणि एक तारीख. ही यादी बोर्डाशेजारी लावा, झालेली कामं हिरव्या मार्करने खोडा. ऑपरेटर बोर्ड भरत राहतो तो या हिरव्या रेघांकडं बघून. तीन आठवडे ‘कूलंट पंप’ लिहूनही पंप तसाच असेल, तर चौथ्या आठवड्यात तो लिहिणं थांबवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

पायरी १०: ९० व्या दिवशी

समितीसमोर तीनच गोष्टी ठेवा: बिन आणि बोर्डातली तफावत सुरुवातीला किती होती आणि आता किती आहे, किती थांबे कायमचे मिटले, आणि ९० दिवसांनंतर पगार-इन्सेंटिव्हचं काय. तिसऱ्यावर लगेच निर्णय झाला नाही तर जुनं आश्वासन आणखी ९० दिवस लेखी वाढवून घ्या. तोंडी वाढवलेलं आश्वासन पुढचा सुपरवायझर आला की संपतं. नव्याने भरती होणाऱ्याला पहिल्या दिवशी बोर्ड भरायला जुना ऑपरेटर शिकवेल, हे जॉइनिंगच्या कागदात घाला, कंत्राटदाराच्या माणसांसाठीही.

तफावत सुरुवातीइतकीच असेल तर बोर्ड काढून टाका आणि तसं लोकांना सांगा. खोट्या आकड्यांनी भरलेला बोर्ड भिंतीवर राहिला, तर पुढच्या वर्षी तुम्ही आणखी काही आणाल तेव्हा लोक त्याच्याकडंच बोट दाखवतील.